झालं समजा, भिया!

अर्ज हातात पडला की भाऊसाहेब तो आधी कपाळाला लावायचे, देवीचा प्रसाद मिळाल्यासारखा. मग घडी न उलगडता कोटाच्या खिशात घालायचे आणि समोरच्याच्या खांद्यावर थोपटून इंदुरी थाटात म्हणायचे, "झालं समजा, भिया!" असं कुणी तुमच्याही ओळखीत असेल. आमचे तर थेट विधानसभेत होते.

सुरुवात मात्र गटारापासून झाली, आणि हे मी निंदेने म्हणत नाही. मध्यभारत राज्य नुकतं झालं होतं. भाऊसाहेब नगरपालिकेत आमच्या वॉर्डाचे मेंबर होते. गल्लीतलं गटार तुंबलं की धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, बांबू घेऊन स्वतः उतरायचे. सफाईवाले काठावर उभे राहून त्यांना सांगायचे, "साहब, थोड़ा और बाएँ!" पाणी वाहायला लागलं की पहिली टाळी भाऊसाहेबच वाजवायचे. त्या गटाराच्या जोरावर ते एमेले झाले.

मग कडक टोपी आली, जीप आली, आणि जीपभर माणसं आली. चार वर्षांत भाऊसाहेब सभागृहात एकदाच बोलले. हिवाळ्यात विधानसभा ग्वाल्हेरला भरायची, आणि तिथली थंडी होती. उठून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, पीछे की खिड़की बंद करवाई जाए." खिडकी बंद झाली. इंदूरला परतल्यावर गल्लीने हार घातले. "मागणी मान्य झाली," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, "विरोधकांनीसुद्धा साथ दिली."

माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा गौतमपुऱ्याच्या कन्याशाळेत शिकवायची. आई इंदूरला अंथरुणाला खिळलेली. मी तुकोगंजातल्या एका कचेरीत कारकून; सकाळी आईला भरवून निघायचो, दुपारी शेजारच्या काकू डोकावून जायच्या. अक्का शनिवारी बसने यायची आणि सोमवारी पहाटे परतायची. निघताना आई तिचा पदर मुठीत धरून ठेवायची. तो सोडवणं माझं काम.

अक्काच्या बदलीसाठी मी भाऊसाहेबांना पाच अर्ज दिले. पाचही कपाळाला लागले.

त्या दिवाळीत वहिनींनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नीने, आईसाठी पुड्यात शेव बांधून दिली. घरी येऊन पुडा सोडला, तर आत माझंच अक्षर: "सविनय निवेदन की..." मी तसाच उठलो आणि तो कागद भाऊसाहेबांपुढे धरला. त्यांनी सवयीने घेतला, कपाळाला लावला. कपाळाला तेल लागलं तेव्हा कुठे त्यांनी तो उघडून पाहिला.

"अक्षर छान आहे हो तुमचं," एवढंच म्हणाले. थोपटायला उचललेला हात मात्र अर्ध्यातून खाली गेला.

पुढे मध्यभारत राज्यच राहिलं नाही. राजधानी भोपाळला गेली आणि पुढच्या निवडणुकीत तिकीट दुसऱ्याला. जीप गेली, जीपमधली माणसंही गेली. एका सकाळी भाऊसाहेब आमच्या दारात पायी आले.

"तो अर्ज परत लिहून द्या."

"आता काय उपयोग, भाऊसाहेब? आता तर तुम्ही..."

"म्हणूनच आलोय. आता वेळच वेळ आहे."

मी लिहून दिला. त्यांनी चष्मा लावून, उभ्याउभ्या, ओळ न् ओळ वाचला. "आईच्या आजाराचा डॉक्टरी दाखला?"

"तो नाही लावला."

"मागच्या पाचांनाही नव्हता?"

"नाही."

"मग मी पुढे पाठवले असते तरी काम झालं नसतं की!" त्यांचा चेहरा उजळला. मग आतल्या खाटेकडे नजर गेली आणि त्यांनी डॉक्टरांचा पत्ता विचारला.

दाखला घेऊन ते शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. चपराशी म्हणाला, "नंबर से आइए, बाबूजी." भाऊसाहेब नंबर लावून बाहेरच्या स्टुलावर बसले. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला. हे रोज डबा घेऊन हजर. अकरा दिवस बसले. बाराव्या दिवशी हुकूम निघाला.

अक्का ट्रंक घेऊन आली. आईने पदर धरला. अक्का म्हणाली, "सोड आता, मी कुठे जात नाही." आईने सोडला नाही. मीही सोडवायला गेलो नाही.

भाऊसाहेबांची कचेरी मात्र सुटली नाही. खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांचे अर्ज ते तिथे बसून तपासून द्यायचे. तारीख राहिली, सही राहिली, दाखला जोडा. कुणाला आपली ओळख सांगायचे नाहीत. विचारलंच तर म्हणायचे, "इथलाच आहे."

ते गेले त्यानंतरच्या आठवड्यात काही कामाने मी त्या कचेरीत गेलो होतो. स्टुलाशेजारी एक बाई कागद घेऊन उभी होती. मला म्हणाली, "वो चश्मेवाले मास्टरजी नहीं आए आज?"

मी म्हटलं, "आता नाही येणार ते. आणि मास्टर नव्हते, बाई, एमेले होते."

ती पदर तोंडाला लावून हसली. "क्यों मज़ाक करते हो, भैया? एमेले कभी अर्जी पढ़ता है?"