रेस सोडताना

गाडीत बसायच्या आधी ते म्हणायचे, “चप्पल काढा.”

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस भाविक आहे, गाडीला देव मानत असेल. मी चप्पल काढली आणि बोनेटला हातही जोडले. ते खो खो हसले.

“पाया पडू नका, बाई. पायाला कळू द्या. मधी रबराची टाच आली की गाडी काय बोलती ते पायाला ऐकू येत न्हाई.”

ते फौजेतून निवृत्त झालेले. तिथे नव्या जवानांना ट्रक चालवायला शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे उस्ताद म्हणत. नव्वदच्या आसपास नगरच्या सावेडीत नवे बंगले आणि फ्लॅट उठत होते. स्कूटरवाल्यांना गाडीची स्वप्नं पडायला लागली होती. त्या सुमारास उस्तादांनी पिठाच्या गिरणीशेजारी एक खोली घेऊन मोटार ड्रायव्हिंगचा क्लास काढला. गाडी एकच. पांढरी, चौकोनी, जुनी, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती तशी गाडी पाहिली असेल, एखाद्या लग्नात दाटीवाटीने तिच्यात बसलाही असाल.

उस्ताद माणसाकडे बघायचे ते खालून वर. चेहरा सगळ्यात शेवटी. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांबद्दल त्यांचं मत होतं, “मानूस चांगला, पन डावा पाय लई उतावळा.” भाचीसाठी मुलगा बघायला गेले तेव्हा त्यांनी शिक्षण, शेती काहीच विचारलं नाही. मुलाला सायकलवर बसवलं, उतारावरून यायला सांगितलं आणि मधेच “थांब!” म्हणून ओरडले. मुलगा हळूच, न डगमगता थांबला. “पोरगं दमानं थांबतंय,” म्हणाले, आणि लग्न ठरलं. अजून सुखात आहेत दोघं.

मी तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. माझी आई कोल्हारला एकटी राहायची. तिचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती, आणि नगरला डॉक्टरांकडे तर दर महिन्याला आणायचं होतं. एकदा दोन माणसांनी तिला उचलून एसटीत बसवलं, तेव्हा ती इतकी संकोचली की पुढच्या वेळी “मला बरंय आता” म्हणून यायलाच तयार होईना. यजमानांची नजर अधू, त्यांना गाडी चालवायची परवानगी मिळणार नव्हती. तेव्हा शिकायचं ते मलाच. आम्ही एक जुनी गाडी घेऊनही ठेवली होती. ती खाली झाकून उभी होती आणि मी रोज जाता-येता तिच्याकडे अपराध्यासारखी बघत होते.

शिकणं छान चाललं होतं. क्लच जमला, गिअर जमले, स्टिअरिंग हातात बसलं. आणि मग उस्तादांची गाडी गचके खायला लागली.

वेग घेताना काही नाही. गाडी लोण्यासारखी पळायची. पण पुढे बैलगाडी दिसली, वळण आलं, की आपण रेस सोडणार, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलणार. तो जरा सैल केला की गाडी पुढे-मागे, पुढे-मागे अशी उसळायची. आपली मान कोंबडीसारखी हलायची. पुन्हा रेस दिली की शांत.

“पाय उचलू नका!” उस्ताद शेजारून म्हणायचे. “पाय काढून घ्या. झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढतो, तसा.”

मी तसा काढायची. गाडी तशीच उसळायची.

“बाई, राग मानू नका. तुमचा पाय जड हाय.”

हे वाक्य ते खाली मान घालून, अगदी हळू आवाजात सांगत. दुसऱ्यांदा तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, काच वर करून सांगितलं. जणू माझ्या घराण्यातली एखादी नाजूक गोष्ट असावी.

माझ्या एकटीचा पाय जड होता असं नाही. माझ्या आधीच्या तासाला शिकणारे औषधांच्या दुकानाचे मालक होते, त्यांनाही हेच निदान मिळालं होतं. ते चिडून क्लास सोडून गेले. त्यानंतर मी लायसन्सच्या परीक्षेला गेले. साहेबांनी “गाडी हळू करा” म्हटलं, मी रेस सोडली आणि साहेबांच्या मांडीवरचे कागद खाली गेले. नापास.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. आईला काय सांगायचं, हा प्रश्न होता.

उस्तादांनी गाडी तपासली नव्हती असं नाही. ओळखीच्या मेकॅनिककडे नेली होती. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलची नळी साफ केली. उभ्या गाडीत इंजिन घड्याळासारखं चालायचं. मग उस्ताद स्वतः एक फेरी मारून यायचे आणि उतरून सांगायचे, “माझ्या पायाखाली एक गचका मारत न्हाई. गाडीला रोग न्हाई. गाडी कधी चुकत न्हाई, बाई, चुकतो तो पाय.”

आणि त्यांच्या पायाखाली ती खरंच मारत नव्हती.

नापास झाल्यानंतरच्या रविवारी मी क्लास सोडायचं सांगायलाच गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “एक डाव मी चालवतो. तुमी नुस्तं बघा. बघून शिका, मग सोडा.” आम्ही मनमाड रोडला लागलो. मी डावीकडे बसले. आणि उस्तादांच्या नेमानुसार त्यांच्या पायांकडे बघायला लागले.

विळद घाटाच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली आली. उस्तादांनी रेस सोडली. गाडी सुळकन मंद झाली. सुंदर! पण माझं लक्ष उजव्या पायाकडे नव्हतं. उजवा पाय सुटायच्या अगदी आधी त्यांचा डावा पाय क्लचवर हलकेच टेकला होता. ट्रॉली ओलांडली. पुढे म्हशी आल्या. पुन्हा तेच. आधी डावा, मग उजवा.

“उस्ताद, तुम्ही क्लच दाबता.”

“न्हाई.”

“दाबता. आधी क्लच, मग रेस सोडता. प्रत्येक वेळी.”

“बाई, मी काय नवा हाय का? रेस सोडताना क्लच कशाला दाबीन?”

“मग डावा पाय खाली ठेवा. अगदी मागे, सीटखाली घ्या. आणि मग सोडा रेस.”

ते हसले. एखाद्या लहान मुलाचा हट्ट पुरवावा तसा त्यांनी डावा पाय मागे घेतला. रस्ता मोकळा होता. चांगला वेग घेतला, आणि उजवा पाय काढून घेतला. झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून काढावा तसा.

गाडी उसळली. पुढे-मागे, पुढे-मागे. उस्तादांची ती ताठ मान कोंबडीसारखी हलली. मला हसू आवरेना, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि ते आपोआप आवरलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पुन्हा रेस दिली, पुन्हा सोडली. पुन्हा गचके. तिसऱ्यांदा करून पाहिलं आणि मग गाडी एका लिंबाच्या झाडाखाली उभी केली.

इंजिन बंद केलं. मग म्हणाले, “लई वर्सांपूर्वी मी एका मोठ्या साहेबाच्या गाडीवर हुतो.”

तेव्हा ते अगदी तरुण होते. साहेबांची गाडी चालवायला मिळणं हा मान होता. कडक इस्त्री, पांढरे हातमोजे, पुढे झेंडा. एक दिवस मेमसाहेब मागे बसल्या, मांडीवर खिरीचं मोठं भांडं. मेसमध्ये काही समारंभ होता. दर चौकात उस्ताद रेस सोडायचे आणि गाडी गचके खायची. मेसपर्यंत पोचेतो निम्मी खीर साडीवर. साहेब चिडून सगळ्यांसमोर म्हणाले, “इसका पाँव भारी है. ट्रक पे डालो.”

“आता बाई, हिंदीत पाँव भारी म्हंजे काय, तुमाला म्हाईत हाय.”

मला माहीत होतं. बाईला दिवस गेले की तसं म्हणतात.

“सगळी बराक हसली. कुनी चिंचा आनून दिल्या, कुनी कैऱ्या. एकानं तर बारशाला नाव सुचवलं. मी बी हसलो. काय करनार? पन आतून लई लागलं. म्हनलं, ह्यो पाय असा हलका करीन की त्याचं वजन मुंगीला बी लागनार न्हाई. तवापासून पायच बघतोय. माझा आनि दुनियेचा.”

आणि त्या धाकात, गाडीने पुन्हा कधी गचका देऊ नये म्हणून, त्यांचा डावा पाय स्वतःहून क्लचवर जायला शिकला होता. त्यांना न विचारता.

ते एकदम खाली उतरले. “बसा स्टिअरिंगवर.” चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढायला सांगितला, बोनेट उघडलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. “पहिला गिअर. क्लच जरासाच सोडा. गाडी निस्ती ओढ घिऊ द्या.”

मी क्लच सोडत आणला. बोनेटआडून त्यांचा आवाज आला, “अरे तिच्या!”

इंजिन एका बाजूने उठत होतं. बसलेली म्हैस मागच्या पायांवर उठते तसं. मी घाबरून क्लच दाबला, तर ते धपकन खाली बसलं.

“परत करा! परत!”

मी परत केलं. चार वेळा केलं. दर वेळी ते जास्तच खूश होत गेले. शेवटी मला उतरवून त्यांनी दाखवलं. इंजिन ज्या रबरांवर बसतं, ज्याला गॅरेजात फाउंडेशन म्हणतात, त्यातलं एक मधोमध फाटलं होतं. वरून दिसत नव्हतं, उठल्यावर तोंड उघडायचं. आणि पायाखालच्या पेडलपासून निघालेली लोखंडी दांडी थेट इंजिनवरच्या कार्बोरेटरला जात होती. आपण पाय काढला की इंजिन खाली पडायचं. पडताना ती दांडी ओढली जायची, म्हणजे पुन्हा रेस मिळायची. रेस मिळाली की इंजिन उठायचं, रेस तुटायची, पुन्हा पडायचं. आणि क्लच दाबला की इंजिनावरची ओढच सुटायची, म्हणून उस्तादांच्या पायाखाली सगळं शांत.

“म्हंजी आपन पाय काढला,” ते बोटाने दांडी हलवत म्हणाले, “तरी ही बया सवताच सवताला रेस देती.”

“हो.”

“तुमचा पाय जड न्हाई.”

“नाही.”

त्यांनी त्या फाटक्या रबरावरून बोट फिरवलं. मग अगदी हळू, मला काच वर करून सांगितलं होतं त्याहीपेक्षा हळू म्हणाले, “तवा ती साहेबाची गाडी बी जुनीच हुती, बाई.”

त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. मग डोकं मागे टाकून असे हसायला लागले की रस्त्याने जाणारा एक सायकलवाला उतरून उभा राहिला. “निम्मी खीर!” ते हसत म्हणत होते. “आनि कैऱ्या! पोतंभर कैऱ्या खाल्ल्या मी फुकट!”

नवं रबर बसलं, आणि गचके गेले ते गेलेच. त्याच संध्याकाळी उस्ताद औषधांच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. दुकानात गर्दी. त्यांनी फौजेतला ‘सावधान’चा पवित्रा घेतला आणि साऱ्या सावेडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शेठ, तुमचा पाय निर्दोष हाय! माझं निदान चुकलं!” खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बायका शेठजींच्या पायाकडे बघायला लागल्या. शेठजींनी उस्तादांना आत ओढून नेलं, चहा पाजला आणि सोमवारपासून स्वतः पुन्हा क्लासला यायला लागले.

मी दुसऱ्या खेपेला पास झाले. आईला आणायला निघाले त्या सकाळी उस्ताद आमच्या फाटकाशी हजर. “मी निस्ता मागं बसनार. तोंड उघडनार न्हाई.” कोल्हारपर्यंत त्यांनी तोंड मिटलं नाही. येताना आई पुढे बसली आणि तिने मागे वळून विचारलं, “हे कोण गं?”

“मी उस्ताद, आई. तुमच्या लेकीचा पाय लई हलका हाय.”

आईला यातलं काही कळलं नाही. पण लेकीचं कौतुक चाललंय इतकं कळलं. तिने पिशवीतून पेरू काढून त्यांच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. जागी झाली ती थेट नगरच्या नाक्यावर. “राहुरी कधी गेली?” म्हणाली. उस्ताद मागे पेरू खात होते. त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. मला एवढं मोठं शाबासकीचं पदक कुणी दिलं नाही.

पुढे चार-पाच वर्षांत नव्या छोट्या गाड्या आल्या, नवे क्लास निघाले. उस्ताद पारनेरकडे आपल्या गावी गेले. एका सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. घराला कडी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, “मळ्यात हायती. म्हातारीला टॅक्टर शिकवत्यात.”

मळा म्हणजे एक पडीक तुकडा. त्यात त्यांच्या पत्नी, पदर खोचून, ट्रॅक्टरवर बसल्या होत्या आणि गोल गोल फिरत होत्या. उस्ताद मधे उभे राहून हातवारे करत होते. इंजिनाच्या आवाजात त्यांचा एक शब्द पोचत नव्हता आणि पोचावा अशी त्या माउलीची इच्छाही दिसत नव्हती. मी बांधावर पोचेपर्यंत उस्तादांनी नाद सोडला होता. ते येऊन शेजारी बसले, मला जय भीम केला, चौकशी केली.

“कशा चालवतात?” मी विचारलं.

ते दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून बघत राहिले. ट्रॅक्टर पार टोकाला गेला, वळला, आमच्या समोरून धूळ उडवत गेला. ट्रॅक्टरवरच्या मावशींनी मला बघून एक हात सोडून हलवला. एरवी उस्ताद यावर जागेवरून उठले असते.

त्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या पुतण्याने नगरला येऊन सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो बांधावर बसलेला माणूस. समोर कुणीतरी गाडी चालवतंय, चुकत-माकत, आणि उस्ताद त्या चालवणाऱ्या बाईच्या पायांकडे नाही, चेहऱ्याकडे बघत गप्प बसले आहेत.