बसव

“कागद केवढा?” काही दाखवलं की काकांचा पहिला प्रश्न हाच. नवीन फोन दाखवा, लग्नाचा हॉल दाखवा, ते मान तिरकी करून विचारणार, “ते असू दे. कागद केवढा?”

लोअर परळच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काका सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेलच, ज्याच्यावाचून अडतं आणि ज्याच्यापुढे डोकंही आपटावंसं वाटतं. आमचे हे.

कॉम्प्युटरवर आम्ही घर खऱ्या मापातच काढतो. खरी कटकट प्रिंटच्या वेळी. कितीपट लहान करायचं तो आकडा, म्हणजे स्केल, हाताने टाकायचा, आणि तो चुकला की सगळंच चुकतं. एकदा मी काढलेला जिना साइटवर गेला आणि कंत्राटदाराचा फोन आला, “मॅडम, कागदाला मुंग्या लागल्यात.” त्या मुंग्या म्हणजे माझी अक्षरं होती.

त्या दिवशी काकांनी चंगच बांधला. काही आठवडे कोणाशी धड बोलले नाहीत आणि शेवटी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘बसव’. तो शब्द टाइप केला की प्रोग्रॅम स्वतःच चित्र मोजायचा, कागद बघायचा, स्केल ठरवायचा आणि अक्षरंही त्या मानाने लहानमोठी करायचा. चित्र कागदावर कसं मस्त भरून बसायचं! “तू फक्त बसव म्हण,” काका सांगायचे, “बाकी माझं ते बघतं.” हाताने आकडा टाकायची सोयच त्यांनी त्यातून काढून टाकली होती. माणसं चुकतात, म्हणून.

मग नायगावला त्यांच्या चाळीचा पुनर्विकास आला. खोली आईच्या नावावर. तिची सही झाली नाही तर सगळंच अडणार, आणि आई ऐंशीच्या घरातली, मालवणची, हट्टाला काकांच्याही वरताण. तिला समजावं म्हणून काकांनी जुन्या खोलीचा आणि नव्या फ्लॅटचा नकाशा ‘बसव’मधून काढून घरी नेला. दोन्ही कागद भरून बसले होते. आईने एकावर एक ठेवून उजेडात धरले.

“ह्यां तर आपल्या खोलीयेवढांच. मगे जावचां कित्याक?”

काकांनी कोपऱ्यातलं स्केल दाखवलं. “तां बारीक माका दाखव नको,” आई म्हणाली, “बारीक लिवनच लोकांका फसयतत.”

दुसऱ्या दिवशी काका दोन्ही नकाशे एकाच स्केलवर काढायला बसले. पण ‘बसव’ ऐकेना. खोली कागदावर लहान दिसायला लागली की तो लगेच ती फुगवायचा. मला हसू आवरेना. “काका, साध्या पद्धतीने काढा ना. आकडा टाका हाताने.”

“हाताने? मी?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चिकन सोडायला सांगितलंय. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, “तू काढ. मी बघत नाही.” आणि प्रिंट निघेपर्यंत खरंच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला तेव्हा त्यांची फार माया वाटली.

ती प्रिंट बघून आई म्हणाली, “काल खोली मोठी होती, आज बारकी केलंस. आवशीकच गंडयतंस?”

काका आता आमच्याकडे नाहीत. चाळ रिकामी झाली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि आईला घेऊन अँटॉप हिलला भाड्याच्या घरात गेले. म्हणजे आईने सही केली, हे तुम्ही ओळखलंच असेल. ती कशामुळे केली, ते मात्र मी डोळ्यांनी बघितलं.

ती प्रिंट फुकट गेली, त्याच रविवारी काकांनी मला चाळीच्या पटांगणात बोलावलं. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की, दोरी आणि टेप घेऊन त्यांनी जमिनीवर अख्खा फ्लॅट आखला. खऱ्या मापात. कागद नाही, स्केल नाही. बाजूला त्यांची खोली, तीही तशीच. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या.

आईला खाली आणलं. आधी ती खोलीत उभी राहिली आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी मान हलवली. मग फ्लॅटमध्ये शिरली. चालली. पुन्हा चालली. या टोकाला जाऊन तिने त्या टोकाकडे बघितलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याच्या जागी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

काका टेप गुंडाळत, तिला काय वाटलं ते विचारायला, सरळ हॉलच्या भिंतीची रेघ ओलांडून निघाले.

“मेल्या,” आई ओरडली, “भितीतसून काय येतंस? दारातसून ये!”

अख्खी चाळ हसली. काका मात्र हसले नाहीत. निमूट मागे फिरले, वळसा घालून रेघेत दारासाठी सोडलेल्या फटीपाशी आले, चपला बाहेर काढल्या आणि आईच्या घरात शिरले.