टोपीसकट हँगर

आमच्या नाटक कंपनीची ड्रेपरी माझ्याकडे आहे. ड्रेपरी म्हणजे कपडे, टोप्या, दाढ्या, पोलिसाचा पट्टा, सगळा पसारा. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई नावाच्या जत्रा भरायला लागल्या की गावोगाव नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. होळीनंतर अर्जुनी मोरगावला घरी बसून मी पेट्या उघडते, तेव्हा कपडे कमी निघतात आणि किस्से जास्त. धोतर झटकलं की एक पडतो, कोट उलटा केला की दुसरा. कपडे धुऊन ठेवता येतात, किस्से कुठं ठेवायचे? म्हणून सांगून टाकते. या सीझनचे सगळे टोप्यांचे आहेत, आणि एकेकानं माझं डोकं उठवलं आहे.

*

आधी एक समजून घ्या. नट कपडे परत देतो, टोपी देत नाही. काऊन, ते देवालाच ठाऊक. धोतर आठवणीनं आणून देईल, फेटा मात्र झाडाला लटकलेला सापडेल.

आमचे होमराज काका कंपनीतले सगळ्यात जुने नट. तरुणपणी हिरो होते. आता एकाच नाटकात तीन रोल करतात: फेटेवाला पाटील, खाकी टोपीचा पोस्टमन आणि कॅपवाला इन्स्पेक्टर.

कामठ्याला प्रयोग होता. थंडी अशी की पेटीमास्तरची बोटं वळत नव्हती. इन्स्पेक्टरची एंट्री आली आणि कॅप गायब! मी पेट्या उपसून राहिले, तोवर काका निघालेसुद्धा. अंगावर वर्दी, कमरेला पट्टा, हातात दंडुका आणि डोक्यावर घरची माकडटोपी.

हिरो म्हणाला, "या साहेब, तुमचीच वाट पाहत होतो."

काकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हिरॉइनसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फुलवंते, पानी ठेवलं का आंघोळीचं?"

फुलवंता म्हणजे काकांची बायको. काकांचं गाव तिथून जवळच, त्यामुळे अर्ध्या पब्लिकला काकू माहीत. मागून एकजण ओरडला, "साहेब, ठेवलं हाये, पन सरपन ओलं हाये!"

कॅप नंतर टेंपोत सापडली. ड्रायव्हर तिच्यात मुरमुरे घेऊन खात बसला होता. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

*

दुसऱ्याच आठवड्यात पुढचा प्रताप. या खेपेला काका वर्दीवर पोस्टमनची टोपी घालून गेले. सीन असा की व्हिलनला बेड्या घालायच्या. व्हिलन घाबरून थरथरतोय, बाजाला जोर चढलाय, आणि काकांनी खिशातून कागद काढला.

"रजिस्टर हाये. सही करा."

विंगेतून प्रॉम्प्टर बोंबलून राहिला, "अटक करा काका, अटक!" काकांनी त्याच्याकडं वळून सांगितलं, "थांब गा जरा. सही झाल्याशिवाय मले जाता येत नाई."

व्हिलन बिचारा नवा होता. त्यानं सही केली. काका सलाम ठोकून निघून आले आणि व्हिलन तसाच मोकळा उभा. शेवटी हिरॉइननंच त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि परदा पाडला.

मालकांचं नाव योगराज शेठ. ते तणतणत माझ्याकडे आले. चूक काकांची आणि बोलणी मला, हा कंपनीचा रिवाजच आहे.

"पुष्पाबाई, काकाले समजून सांगा. अजून दोन-चार चुका झाल्या का मी दुसरा मानूस पाहतो. गावं पैसे मोजतात, हसं करून घ्याले नाई."

हे काकूपर्यंत पोचलं कसं कोण जाणे. सकाळी त्यांचा फोन. "पुष्पा, त्याले काढू नको देजो वो. घरी असला का दारात बसून राहते. कोनाची वाट पाहून राहिला, इचारलं तर सांगता येत नाई. नाटकात असला का मानसावानी असते."

आता मी ड्रेपरीवाली बाई. कपड्याला बटन लावता येतं मला, माणसाला काय लावू? पण हो म्हणून बसले.

*

पुढच्या मुक्कामी दुपारी मी इस्त्री करत होते, काका समोर बसलेले. पाटलाचा फेटा सुकवायला जागा नव्हती, म्हणून काकांच्याच डोक्यावर ठेवला. लगेच आवाज चढला. "कोन हाये तिकडं? माज्या गावात माज्या परवानगीशिवाय पान हालत नाई!" मी फेटा काढला, गप्प. पोस्टमनची टोपी ठेवली, तर पाटलीण बाईंची चौकशी सुरू. कॅप ठेवली, तर मलाच अटक. तिन्ही रोल तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडं नाही. टोपी काढली की मात्र माझ्या तोंडाकडं बघत बसायचे.

म्हटलं, मग इलाज सोपा आहे. टोपी आणि कपडे एकमेकांपासून सुटताच कामा नयेत.

मालकांकडं टोपीसकट अडकवता येईल असे हँगर मागितले तर म्हणे, "टोपीले हँगर कायले? टोपी डोक्यावर राहते." मग त्यांच्या भाच्यानं मोबाईलवर बघून टोपीचे हँगर मागवले. आले ते नाजूक प्लॅस्टिकचे, वर लिंबाएवढा गोळा. त्याच्यावर आमचा फेटा ठेवला तर फेटा, कोट, हँगर सगळं भुईवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

शेवटी मी अर्जुनीच्या वेल्डिंगवाल्याकडं गेले. नेहमीसारखा खांद्याचा हँगर, त्याच्यावर सळईचं गोल डोकं, आणि डोक्यातून वर निघालेला आकडा, असं त्याला जमिनीवर काढून दाखवलं. तो डोकं खाजवायला लागला.

"बाई, भूत लटकवाचं हाये का?"

"हो, तुझंच," म्हटलं, "आता कर."

केले त्यानं. एकेक हँगर एवढा जड की टेंपोतला बांबू वाकला. पण काम चोख. खाली वर्दी, वर कॅप. खाली धोतर-कोट, वर फेटा. काकांनी फक्त हँगर उतरवायचा आणि वरून खाली सगळं चढवायचं. पोस्टमन वेगळा, पाटील वेगळा, कुणाची भेसळ नाही. सलग कितीतरी प्रयोग सुरळीत गेले.

काकांना घ्यायला त्यांच्या गावात टेंपो थांबवला, तेव्हा काकूनं ते हँगर पाहिले. हात लावून लावून पाहिले.

"पुष्पा, एक मलेबी दे."

मी आधीच वैतागलेली. "काकू, तुमच्या घरी कोणतं नाटक होऊन राहिलं? लुगडं अडकवाले खुंटी नाही का?"

काकू हात पुढं करून उभ्याच राहिल्या. दिला एक. मालकांना सांगितलं, तुटला.

*

नागझिऱ्याच्या बाजूच्या एका गावात आंब्याखाली दोरी बांधून मी सगळे हँगर उन्हाला टांगले होते. तिकडं वानरांचा सुळसुळाट. आमची भाकर पळवायला टोळी आली, दोरीकडं पाहिलं आणि आल्या पावली परत. खाली वर्दी, वर कॅप. त्यांना वाटलं असेल, बंदोबस्त लागला.

एक म्हातारा शेतकरी हे बघत होता. म्हणाला, "बाई, एक विकता का?"

मी म्हटलं, "बाबा, हे नाटकाचं सामान आहे. जा बरं तुम्ही."

बाबा गेले, आणि तासाभरात इन्स्पेक्टरही गेला! हँगर, वर्दी, कॅप, सगळं. कॅप नसली की आज काका स्टेजवर काय करतील, आणि मालक काकांचं काय करतील, दोन्ही डोळ्यांपुढं दिसायला लागलं. मी गावभर फिरले, शिव्या देत फिरले. आणि पाहते तर लाखोळीच्या बांधीत, म्हणजे डाळीच्या शेतात, मधोमध इन्स्पेक्टर उभा, काठीला बांधलेला. एक वानर फिरकलेलं नाही.

त्याच्यासमोर शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आमचे काका बसलेले. त्याच्याकडं टक लावून.

"काका, इथं काय करून राहिले?"

"त्याचं काम पाहून राहिलो," काका म्हणाले. "चांगला नट हाये. हालत नाई, चुकत नाई."

मी वर्दी सोडायला लागले तर तो म्हातारा धावत आला. "राहू द्या ना बाई, आजच्या दिवस! लय रुबाब हाये त्याचा." शेवटी त्याला प्लॅस्टिकचा हँगर आणि एक फाटका कोट दिला. तेवढाच तो कामाला आला.

*

आता हिरो. आमचा हिरो म्हणजे स्वतःला काय समजतो, ते त्याच्या आईलाच माहीत. गॉगल, बूट, गाण्यासाठी काळी काऊबॉय हॅट. माझे हँगर पाहून म्हणे, मलाही पाहिजे. म्हटलं, शिल्लक नाही. तर या शहाण्यानं पाटलाचा फेटा काढून पेटीवर फेकला आणि त्याच्या जागी स्वतःची हॅट ठेवली.

मी दुसरीकडं हिरॉइनच्या साडीला पिना लावून राहिलेले. काकांनी सवयीनं हँगर उतरवला. मी वळून पाहिलं तेव्हा काका स्टेजवर होते. धोतर, लांब कोट, आणि वर काळी हॅट, कपाळावर तिरपी.

सीनमध्ये पाटलानं सुनेला घराबाहेर काढायचं होतं. काकांनी तिचा हात धरला.

"तू गेलीस तर या तळ्याचं पाणी आटून जाईल. मी आलो आहे ना आता? मग रडतेस कशाला?"

प्रॉम्प्टर पानं उलटून उलटून दमला. हे आमच्या नाटकातलं नव्हतंच. काका हिरो होते, तेव्हाच्या कोणत्या तरी नाटकातलं निघालं. आवाजही वेगळा, ताठ. हिरॉइन पोरगी हुशार, ती गप्प उभी राहून खरंच रडायला लागली. पब्लिकमध्ये जी शिट्टी सुरू झाली, "वन्स मोर! वन्स मोर!"

काकांनी वन्स मोर दिला. हिरो विंगेत हॅटशिवाय हातपाय आपटून राहिलेला.

मालक रागानं लाल होऊन आत आले आणि त्यांच्या मागोमाग पुढच्या गावच्या मंडळाचे लोक. "शेठ, आमच्या गावात तो म्हाताऱ्याचा सीन पाहिजेच." मालक माझ्यावरच खेकसले, "हँगरवर नावं लिहा, नावं!"

पण मला बाजूला घेऊन हेही म्हणाले, "बाई, आज निभावलं. पन मानसाचा भरोसा नाई राहिला. शेवटचा प्रयोग त्यायच्याच गावात हाये. तो पाहतो, मंग ठरवतो."

*

तर तो शेवटचा प्रयोग. होळी तोंडावर आलेली, दिवसा घाम निथळायला लागला होता. काकांचं घर स्टेजच्या समोर, रस्ता ओलांडला की दार. काकू पहिल्या रांगेत पोतं टाकून बसलेल्या.

मी त्या दिवशी कुणालाच हँगरजवळ येऊ दिलं नाही. हिरोलाही नाही. तीनही वेळा काकांना हँगर मी दिला, कॅप सरळ आहे का ते मी बघितलं. पाटील झाला, पोस्टमन झाला, इन्स्पेक्टरनं व्हिलनला धरून नेलं. प्रॉम्प्टर म्हणाला, काकांसाठी मला ओठ हलवायची पाळी आली नाही.

उजाडता उजाडता परदा पडला. मालक दात घासत घासत आले. "जमलं बाई! पुढच्या सीझनलेबी काकाच." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सीझनभर डोक्याला ताप दिला या माणसानं, पण निघालं ना पार. मी गाणं गुणगुणत वर्दी हँगरला लावली, वर कॅप ठेवली, टेंपो भरायला घेतला.

सगळे गेले. काका परद्यामागं पेटीवर बसलेले, बनियनवर, बोडके.

"काका, घरी चला. काकू वाट पाहून राहिल्या."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "माजी एंट्री कोनती हाये आता?"

"एंट्री नाही काका. नाटक झालं. घरी जायचं."

"कोनाच्या घरी?"

मी दार दाखवलं. काकांनी ते नीट पाहिलं आणि नम्रपणे मान हलवली. "मले कपडे नाई देल्ले तुम्ही त्या रोलचे."

माझी चिडचिड तिथंच विरली. मी हँगरवरून हात फिरवला. पाटील, पोस्टमन, इन्स्पेक्टर. माझ्याकडं खरंच नव्हते. मालकही हातातला ब्रश तसाच धरून उभे राहिले. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

काकू केव्हा उठून घरी गेल्या ते कळलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझा तो जड हँगर होता. खाली काकांचा घरचा सदरा आणि कोपराशी उसवलेला स्वेटर, वर माकडटोपी. फाल्गुनातलं ऊन अंगावर आलेलं, आणि काकूनं एकेक चढवायला सुरुवात केली. आधी सदरा. मग स्वेटर. मग माकडटोपी घातली आणि हनुवटीखाली नीट ओढली.

काकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. समोर पाहिलं.

"फुलवंते, पानी ठेवलं का आंघोळीचं?"

"ठेवलं ना," काकू म्हणाल्या. "कवाचंच."