चादरीवरचा जास्तीचा ग्रह

सोमवारी सकाळी फोन आला. कुसुमताई गेल्या. मी चपला घातल्या आणि अयोध्या नगरला त्यांच्या घरी निघालो.

त्याला महिना होऊन गेला. ताई नागपूरच्या, कारखान्यातल्या नोकरीमुळे भोपाळला आलेल्या. त्या यंत्रांची ड्रॉइंग काढत, मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. मैत्री झाली ती त्यांच्या गच्चीवर. दर रविवारी संध्याकाळी दोन बांबूंना पांढरी चादर ताणून, प्रोजेक्टर लावून त्या वसाहतीतल्या मुलांना अंतराळाचे सिनेमे दाखवत, भागामागून भाग, पिढ्यानपिढ्या चालणारे. चादरीला वरच्या कोपऱ्यात ठिगळ होतं. सिनेमा कुठलाही असो, आकाशात एक ग्रह जास्तीचा दिसायचाच. मुलं त्याला ‘मौसी का ग्रह’ म्हणत.

सिनेमा मध्येच थांबवायची ताईंना खोड. राज्याबाहेर घालवलेला राजपुत्र कुठल्याशा ओसाड ग्रहावर उतरला, की विचारत, हे आधी कुठं ऐकलंय? एकदा एक मुलगी म्हणाली, "मौसी, ये तो वनवास है. बस, जंगल नहीं है." ताई खूश. मग माझी पाळी. मी म्हणायचो, ते लांबच्या ताऱ्यांवरचे सुभेदार बघा. दरबार खिळखिळा झाला की सुभेदार असेच स्वतंत्र होतात.

"वनवास माझा, सुभेदार तुमचे," ताई म्हणत. "मग त्या सिनेमावाल्याचं काय, नुसतं रॉकेट?"

आमच्या मराठी मंडळाला हा पोरखेळ वाटे. पुढे वारं फिरलं. तीच माणसं म्हणू लागली, विमानं, अस्त्रं सगळं आपल्याकडे होतंच, ताई तेच तर दाखवतात. गणपतीत यावर व्याख्यान द्या, असं सांगायला अध्यक्ष घरी आले. ताईंनी चहा दिला आणि नकारही.

"विमान आपण केलं नव्हतं, भाऊ. विमानाची गोष्ट केली होती. मला तीच मोठी वाटते."

त्यानंतर गच्चीवर मंडळाच्या खुर्च्या येणं बंद झालं. मुलं सतरंजीवर बसू लागली.

शोकसभेत याच अध्यक्षांनी सांगितलं, की पूर्वजांचं अंतराळविज्ञान ताईंनी सिद्ध केलं. आता दरवर्षी त्यांच्या नावानं त्याच विषयावर व्याख्यान ठेवू. माना हलल्या. मी सभेत बोलणारा माणूस नाही... पण उठलो. ताईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणालो, व्याख्यान खुशाल ठेवा, ताईंचं नाव देऊ नका. मागून कुणीतरी पुटपुटलं, माणूस गेलंय, आता वाद कशाला.

माणूस गेलंय म्हणूनच. ताई असत्या तर त्यांनी स्वतः नाही म्हटलं असतं, पुन्हा चहा देऊन. ज्यांनी हजारो वर्षांपूर्वी नुसत्या मनानं आकाश ओलांडलं, त्यांना विमानांचे कारखानदार ठरवून त्यांचा मान वाढत नाही. हे मी तिथं बोललो नाही. इथं लिहितो आहे.

व्याख्यान अजून जाहीर झालेलं नाही. रविवारचा खेळ चालू आहे. सिनेमा आता मध्येच मी थांबवतो. चादर तीच आहे, ठिगळासकट.