डाव्या बाहीची लोकर

मुलांचे स्वेटर विणावेत तर लोकरमावशीनंच, असं गल्लीतल्या सगळ्या आया म्हणत. लोकर कमी पडली तरी तिचं काम अडत नसे. तीच लोकर दुकानात मिळाली नाही, तर ती दुसरी धुंडाळी, वीस टाक्यांचा तुकडा विणून पट्टीनं मोजी, धुऊन वाळवून पुन्हा मोजी. जोड कुठे आहे, ते बोट फिरवूनही कळत नसे. त्याचा तिला भारी अभिमान.

समोरच्या शिंपिणीच्या मुलीचा निळा स्वेटर विणताना डावी बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. थंडी तोंडावर आलेली. दुकानदारानं हुबेहूब तसाच निळा काढून दिला, जाडीही तीच. फक्त ती लोकर नव्हती, अ‍ॅक्रिलिक होतं.

"कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला.

तुकडा मापात बरोबर बसला, उरलेली बाही त्याच धाग्यानं पुरी झाली. शिंपिणीला मावशी काही बोलली नाही.

महिन्याभरानं पोरगी शेगडीपाशी खेळत असताना ठिणगी उडून तिच्या डाव्या बाहीवर पडली. खरी लोकर करपून विझली असती. या बाहीनं पेट घेतला, ती वितळली आणि हाताला चिकटून बसली. पोरगी वाचली, पण कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी कायमची आक्रसली.

शिंपिणीनं सगळा दोष स्वतःच्या माथी घेतला. शेगडी मीच उघडी टाकली, असं ती भेटेल त्याला सांगे. मावशीच्या घरी बसून, डोळे पुसत पुसत तिलाही सांगे. मावशी दर वेळी चहा टाकायला उठे. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं सरली, पोरगी लग्न होऊन गेली, आणि एका सकाळी शिंपिणीनं शिवणयंत्रावरच मान टाकली.

त्यानंतर मावशी खिडकीकडे पाठ करून विणायला बसू लागली. तरी भर दुपारी समोरच्या कुलूपबंद खोलीतून यंत्राची घरघर ऐकू येई. सुया थांबल्या की तीही थांबे. डाव्या बाहीचे टाके घातले की पुन्हा सुरू. शेवटी मावशी नुसते बिनबाह्यांचेच स्वेटर विणू लागली. म्हातारीला कंटाळा आला, असं लोक म्हणाले.

मग शिंपिणीची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन आईच्या खोलीत राहायला आली. बाळासाठी तिला पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा होता. मावशीनं नाही म्हटलं, आणि का नाही, तेही सगळं सांगून टाकलं.

मुलीनं डाव्या हातावर पदर ओढून घेतला.

"त्या दिवसानंतर आईनं घरात शेगडी पेटवली नाही," ती म्हणाली. "थंडीत आम्ही दोघी एका पांघरुणात कुडकुडत बसायचो. तुम्ही समोरच होतात, मावशी."

"होते गं."

"स्वेटर विणा. पण माझ्यासमोर."

आठ दुपारी ती मावशीच्या घरी बाळाला मांडीवर घेऊन समोर बसली. डावी बाही सुरू झाली तेव्हा यंत्राची घरघर आली आणि मावशीनं दचकून मान वर केली. मुलगीही खिडकीकडेच बघत होती. मावशीनं पुढचा टाका घातला.

स्वेटर मुलीनं स्वतःच बाळाला चढवला. बाह्या लांब झाल्या होत्या. त्या दुमडून ती निघून गेली. पुढे येता-जाता खिडकीत मावशी दिसली, तर कधी ती मान हलवी, कधी सरळ पुढे निघून जाई.