मिस्त्री कोण?

कडूबाईला प्रश्न फार. मुकुंदवाडीच्या नाक्यावर बाया-गडी कामाची वाट बघत उभे असायचे आणि हिचं आपलं विचारणं चालू. गेल्या वर्षापासून तर एकच: बिगाऱ्याचा मिस्त्री नेमका कधी होतो?

"सोताची थापी घेतली की," एकजण म्हणाला. थापी तर तिच्या पिशवीत होतीच, फडक्यात गुंडाळलेली. "मिशा लागतेत," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. मिशांनी काय विटा जोडतात? असल्या उत्तरावर गप्प बसणारी ही बाई नव्हे.

शेवटी तिनं कमरोद्दीन मिस्त्रींनाच गाठलं. चौदा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. "माल पातळ का घट्ट, मिस्त्री?" सिमेंट-वाळू कालवताना विचारलेल्या या प्रश्नानं तिचा दिवस सुरू व्हायचा. अलीकडे त्यांचे गुडघे धरायचे, मग निम्मी भिंत तीच चढवायची. मालकापुढं मात्र ती बिगारीच.

"भिंत वाकडी निघाली की शिव्या कोण खातं?" त्यांनी उलट विचारलं.

"तुम्ही."

"बस. वोच मिस्त्री."

हे काही तिला पटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पुंडलिकनगरात राजनंदिनी मॅडमच्या स्वयंपाकघरात आडभिंत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी नवं कपाट आलं. खाली भिंतीला टेकलं, वर तीन बोटं फट.

मॅडमचा पारा चढला. "मिस्त्री कोण आहे इथं? उद्यापासून त्यानं यायचं नाही!"

कमरोद्दीन गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. वरचे थर कडूबाईचे होते. भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडणार तेवढ्यात पाण्याचा टँकर आला, ती धावली, आणि राहूनच गेलं. गप्प बसली असती तरी चाललं असतं; बिगाऱ्याला कोण विचारतं? महिनाभराचं काम होतं या घरात.

"म्या हाय मिस्त्री," ती म्हणाली. "वरचं म्या बांधलं, ओळंबा लावायचा राहिला. पाडून सरळ करून देते. मंग काढा मला."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, कमरोद्दीनकडं पाहिलं. "उद्या संध्याकाळपर्यंत," एवढं बोलून त्या आत गेल्या.

कडूबाईला शरमेनं रडू आलं. पदरानं तोंड पुसून तिनं वरचे थर उतरवले आणि पिशवीतली थापी काढली. तोवर कमरोद्दीननी घमेलं आपल्याकडं ओढलं होतं. वाळूत सिमेंट मिसळून, हातात पाण्याचा डबा धरून ते थांबले होते.

"माल कैसा होना, मिस्त्री?" त्यांनी विचारलं. "पतला की घट्ट?"

"घट्टच," ती म्हणाली आणि आधी ओळंबा सोडला.