ताप उतरल्यानंतरचे दिवस

शंकरदादा गेला, हे मला नागपूरच्या दवाखान्यात काचेपलीकडच्या नर्सने नुसती मान हलवून सांगितलं. स्वाइन फ्लूच्या पेशंटजवळ कोणाला जाऊ देत नव्हते. सख्खा मोठा भाऊ आत, मी बाहेर... महिना उलटला, तरी मी अजून तिथंच अडकून आहे.

दादा भंडाऱ्यातला विणकर. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की वहिनीला त्याला जेवायलाही ओढून आणावं लागे. मी वरठीच्या पोलाद कारखान्यातून आलो की म्हणायचा, "आला का साहेब, लोखंड खाऊन?" त्याच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या मोहल्ल्यात नव्हता. त्या हट्टाचा मला आजही राग येतो.

आमच्याकडे साडीच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ लावायची तर तो पहाटे रस्त्यावर लांब ताणून धरतात. एका घराचं काम नाही ते. सारे एकमेकांसाठी उभे राहतात आणि खळ वाळेपर्यंत कोणाला हलता येत नाही. दादाचा ताप उतरला आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याचा ताणा होता. धाप लागत होती, तरी उठला. "ताप गेला ना माहा, मंग कायले झोपून राहू? माह्यासाठी सारेच येतात." संध्याकाळी पुन्हा फणफणला. न्यूमोनिया निघाला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. फ्लूचा विषाणू फुप्फुसातल्या पहारेकरी पेशींनाच गारद करतो. विषाणू शिरलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या टी पेशी रक्तातून तिकडे धावतात, त्यातल्या कितीतरी तिथंच मरतात. ताप उतरतो, पण नवा पहारा बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरे जंतू आत घुसतात. हे आधी कोणी सांगितलं असतं तर... पण दादाने ऐकलं असतं का, देव जाणे.

मागच्या आठवड्यात मलाही फ्लू झाला. ताप उतरल्यावर ड्युटीला निघालो, तर खोलीला बाहेरून कडी. "वहिनी, दार उघडा. ताप नाही आता मले." दारावर लाथा घातल्या, तोंडाला येईल ते बोललो. मग अगदी दाराशीच तिचा आवाज आला. ती तिथंच बसून होती.

"द्या शिव्या, भाऊजी. त्या ताण्याच्या दिवशी त्यायच्या हाती चहा देऊन मीच म्हटलं होतं, जा, नाही तं लोक काय म्हणतीन."

मी मुकाट्याने परत जाऊन पांघरूण घेतलं.